शिळं पाणी

छबुकाकूचं नाव निघालं की माझ्या मशीनचा दोरा तुटतो. तुटू द्या. मी सारजाबाई, उमापुरात ब्लाउज शिवते, अन् माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा तेज हाय असं खुद्द माझा नवरा म्हणतो. म्हणून दीपमालाची ही गोष्ट मीच सांगणार. तिच्यावर सोडली तर ती दोन वाक्यांत उरकून भाकरी थापायला बसंल.

दीपमाला माझ्या समोरच्या पत्र्याच्या घरात ऱ्हाती. माहेर चकलांब्याचं. नवरा शहादेव उसाचा ट्रॅक्टर घेऊन दिवाळीला जातो, तो गुढीपाडव्यालाच तोंड दाखवतो. आधी तीबी कोयता घेऊन जायची, पर मोळ्या वाहून वाहून कंबर गेली, तवापासून गावातच. अन् गावात तिला काय कमी? हिच्या हातची पुरणपोळी अशी पातळ, की ताटात ठिवली तर खालचं ताट दिसावं. साखरपुडा असो, बारसं असो, पुरण वाटायला पहिलं बोलावणं दीपमालाला. छबुकाकूच्या बंगल्यावर तर रोजचा स्वैपाक तिचाच.

आता छबुकाकू कोण? अमरसिंहाची आई. अमरसिंह म्हंजे शंभर एकरवाला, गावाच्या राजकारणातलं मोठं नाव. तो जिल्हा परिषदेला उभा ऱ्हायला, तवा कुणीतरी काकूच्या कानात फुंकलं, की दिवाणखान्यात मासे ठिवा, आठ सोनेरी अन् एक काळा, यश कुठं जात न्हाई. झालं! चार फुटांची काचेची टाकी आली, तिला दिवे, तिला फुसफुस करणारी मोटर. अन् सांभाळायला कोण? दीपमाला. भाजी निवडती, तशी टाकीबी बघ म्हणं.

आमच्याकडं नळाला बारा दिसांनी पाणी येतं. ज्या दिशी येतं त्या दिशी गावभर एकच धांदल. हंडे, कळश्या, रांजण, पिंप, सगळं आधी पालथं घालायचं. जुनं पाणी ते शिळं पाणी. ते देवाला चालत न्हाई, पाव्हण्याला देत न्हाईत. घासून-पुसून मंग ताजं भरायचं. त्या ताज्या पाण्याला पहिल्या दिशी ब्लिचिंग पावडरीचा असा वास मारतो, की चहाबी बिघडतो, पर ताजं ते ताजं. माझ्या आजीपासून असंच चालत आलंय, अन् मीबी तेच करते.

पहिला नळ आला तशी छबुकाकू सोफ्यावरून म्हणली, "टाकीतलंबी शिळं काढ ग. मुके झाले म्हणून काय शिळ्यात ऱ्हातील?" दीपमालानं काढलं. दगड भांड्याच्या पावडरीनं घासले, मोटरीचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला, टाकी काठोकाठ भरली. दुसऱ्या दिशी एक मासा उलटा. काकू म्हणली, "बरं झालं, घरावरचं संकट घेऊन गेला." नवीन आणला. पुढच्या नळाला दोन गेले. दोन संकटं गेली. असं चाललं.

मंग निकालाच्या आदल्या दिशी नळ आला. दीपमाला विजयाचे लाडू वळत बसली व्हती, हात तुपात. तवा काकू सोता उठली, नळी धरली, अन् टाकी भरली. मी तिथंच व्हते, सुनिताच्या परकराचं माप घ्यायला गेलते. सुनिता म्हंजे काकूची नात, अमरसिंहाची पोरगी. ह्या डोळ्यांनी बघितलं म्या, नळी काकूच्या हातात व्हती.

सकाळी नऊच्या नऊ मासे पाण्यावर. दुपारी अमरसिंह तीनशे मतांनी आपटला.

आता कुणी म्हणंना, की संकट घेऊन गेले! चाळीस माणसं बसलेली, लाडवाची परात तशीच झाकलेली, अन् काकूनं बोट दाखवलं दीपमालाकडं. "ही पांढऱ्या पायाची! हिच्या हाताला जीव टिकत न्हाई. माझ्या घराला हिचीच नजर लागली. चल नीघ!"

अन् मी? मी गप. खोटं कशाला सांगू. अमरसिंह समोर बसलेला, माझ्या नवऱ्याची त्यांच्याच शेतावर रोजगारी. नळी कुणाच्या हातात व्हती हे माझ्या ओठावर आलतं, तिथंच गिळलं. ते गिळलेलं अजून पचलं न्हाई, म्हणूनच कदाचित मला काकूचा जास्त राग येतो.

बाईच्या जातीला असला शब्द चिकटला, की चिकटला. आठ दिसांत तिची दोन हळदीची कामं गेली. एका बारशाला बोलावलं, तर घरधनीण म्हणली, "पुरण वाट, पर पाळण्याकडं येऊ नको." ती पुरण अर्धं टाकून उठून आली. माझ्या ओट्यावर बसली. रडंल म्हणून मी पदर पुढं केला, तर डोळे कोरडे.

"सारजाक्का," ती म्हणली, "हे छबुकाकूच्याच तोंडातनं परत काढीन. चार माणसांत. तिनंच म्हणायचं, दीपमालाचे पाय पांढरे न्हाईत. त्याबिगर मला झोप न्हाई."

"शाबास माझी वाघीण!" मी म्हणले. असल्या कामाला मी एका पायावर तयार.

आधी मला वाटलं ही पंचायत बोलावंल. तर ही बाई गेवराईला गेली, अन् एस्टीनं मांडीवर काचेची टाकी घेऊन आली. युवराजचं दुकान हाय तिथं, अर्ध्यात मोबाईलची कव्हरं अन् अर्ध्यात मासे. एका कोपऱ्याला तडा गेलेली टाकी त्यानं देऊन टाकली. "जीव टिकत न्हाई म्हणती ना," दीपमाला म्हणली, "टिकवूनच दावते. तिच्या गाडीच्या वाटंवर, माझ्या खिडकीत."

पहिले चार मासे चौदा दिसांत मेले.

त्या दिशी मात्र रडली. मेलेले मासे वाटीत घेऊन बसली अन् म्हणली, "अक्का, खरंच माझ्या हातात काय पाप हाय का ग?" माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणले, ऊठ, त्या युवराजलाच इचारू, कसला माल देतो ते.

युवराज शांत पोरगा. आमी भांडलो तवर ऐकून घेतलं, मंग म्हणला, "ताई, पाणी कवा बदलता?"

"नळ आला की."

"किती?"

"किती म्हंजे? सगळं. दगडबी घासून काढते. शिळं ठिवून काय करू?"

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो ताई, शिळंच तर पायजे! ताज्या नळाच्या पाण्यात पावडर असती, तिनं माशाचे कल्ले जळत्यात. पाणी बादलीत दोन दिस उघडं ठिवायचं, वास गेला की मंग वापरायचं. अन् तेबी आठवड्याला चौथा हिस्साच बदलायचा. माशाची घाण खाणारे बारीक जीव असत्यात, डोळ्याला न दिसणारे, ते दगडांवर अन् स्पंजात बसलेले असत्यात. तुमी भांड्याच्या पावडरीनं घासलं की ते मेले. मंग मासे सोताच्याच घाणीत मरत्यात."

दीपमाला दुकानातल्या टाकीच्या स्पंजाकडं बघत व्हती. मंग म्हणली, "म्हंजे विरजण. विरजणच धुऊन टाकलं, तर दही कुठनं लागंल?"

"बरोब्बर!" युवराज म्हणला. "अन् नवीन टाकीत लगीच गर्दी करायची न्हाई. आधी एक-दोनच, महिनाभर. खाणं इतकंच, की दोन मिनिटांत संपलं पायजे. माणसावानी आग्रह करू नका त्यांना."

एस्टीत बसलो तवा तिचा चेहरा मला दिसंना, ती खिडकीतनं बाहेर बघत व्हती. "म्हंजे काकूनंच मारले," मी म्हणले. "आठ सोनेरी, एक काळा, अन् वर तुझं नाव!" माझा आनंद पोटात मावंना. पर ही भोळी दुसऱ्या दिशी बंगल्यावर गेली, सांगायला. काकूनं फाटकाच्या आत पाय ठिवू दिला न्हाई, तवा हिनं बाहेरनंच पावडरीचं सांगितलं. "आता तू मला पाणी शिकवणार? साठ वर्सं मी ह्या घराचं पाणी भरतीय." फाटक लावलं.

"आता सांगू नको," मी म्हणले. "मरू दे तिचे. नऊ आणंल, नऊ मरतील. आपण मज्जा बघू."

दीपमाला बादली घेऊन घरात गेली. पर त्या दिसापासनं तिनं जो मासे पाळायचा सपाटा लावला, तो सपाटाच व्हता. घरात दोन बादल्या कायम उघड्या, पाणी मुरत ठिवलेलं. नळ आला की गाव पाणी ओततं अन् ही जपून ठिवती! सासू असती तर येडी म्हणली असती. रविवारी तांब्यानं मोजून चौथा हिस्सा काढायचा, तोच तांब्या, दुसऱ्या कशाला वापरायचा न्हाई, साबणाचं बोटबी लागू द्यायचं न्हाई. स्पंज धुवायचा तो टाकीतनं काढलेल्याच पाण्यात, अलगद, घाण तेवढी जाऊ द्यायची. वैशाखात पत्रा तापला, तर टाकीला ओलं पोतं गुंडाळलं, वर झाकण काढून जाळी टाकली. लाइट गेली की मोटर बंद. मंग ही बाई तांब्यानं पाणी वर घ्यायची अन् उंचावरनं परत सोडायची, हवा मिळावी म्हणून. एकदा तीन तास लाइट नव्हती, तीन तास तांब्या हलत व्हता. मी म्हणले, दीपे, हात मोडंल. ती म्हणली, "एकबी मरता कामा नये अक्का. एक मेला तरी म्हातारीचा शब्द खरा."

असा तो सूड. भाकरीगत रोज थापलेला.

वर्साच्या आत खिडकीत आठ सोनेरी अन् एक काळा, तळहाताएवढे! मुद्दाम तेवढेच, अन् मोठी टाकीबी घेतली त्यांच्यापायी. अमरसिंहाची गाडी रोज तिथनं जायची, अन् आत बसलेली काकू मान दुसरीकडं करायची. बंगल्यावर तोवर चारदा नवे मासे आले अन् चारदा नळाबरुबर गेले. गावातल्या बाया दीपमालाच्या खिडकीशी थांबायच्या, वा वा करायच्या. पर पुरणाला बोलावलं का? छे. एक तर तोंडावर म्हणली, "मासे जगले ग, पर छबुकाकूनं शब्द कुठं मागं घेतला?" असली गावं!

मंग सुनिताचं जमायला आलं. नांदूरघाटचं स्थळ, घरंदाज, दोन जिनिंग मिल. पाव्हणे रविवारी चारला येणार. अन् त्याच रविवारी सकाळी नळ! शनवारी रातच्याला मोटर बिघडून बंगल्यावरचे उरलेसुरलेबी मेलते. मोटर तेवढी नीट करून घेतली, पर रिकामी टाकी दिवाणखान्यात कशी दिसंल? अन् लोकांना ठाऊक, की ह्या घरात मासे टिकत न्हाईत. गेवराईचं दुकान रविवारी बंद. दहा वाजता काकूची सून वनमाला दीपमालाच्या दारात. गरीब बाई, सासूपुढं तिचं काय चालतंय. "दीपमाला, तुझे नऊ दे ग आजच्यापुरते."

"देते की वहिनी," दीपमाला म्हणली. "पर काकूनं सोता मागायला यावं."

मी माझ्या मशीनवरनं टाळी वाजवली. अर्ध्या तासात काकू आली! गाडीतनं उतरली, उंबऱ्याबाहेर उभी ऱ्हायली, बस म्हणलं तर बसली न्हाई. "दे बाई," एवढंच म्हणली, जणू आपलेच परत मागतीय.

दीपमालानं मासे बादलीत घेतले, त्यांच्या जुन्या पाण्यासकट. मंग काकूकडं बघितलं. तिला सांगायचं व्हतं. मी तिला ओळखते, तिचं तोंड उघडलं व्हतं, की काकू, टाकीत ताजं पाणी भरू नका, हे जुनं घ्या. पर त्याच्या आधी म्हातारी बोलली, "बादली तू आण, पर आमच्या पाण्यात हात घालू नको. वनमाला सोडंल. आज शुभ दिस हाय."

दीपमालाचं तोंड मिटलं.

"टाकी भरली का काकू?" तिनं हळूच इचारलं.

"मंग! सकाळीच. म्या सोता, नळाचं ताजं."

दीपमालानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. सांगू नको, असं. तोंडानं न्हाई, पर मानेनं साफ सांगितलं. अन् ती बादली उचलून गाडीच्या मागं चालायला लागली. मी सुनिताचं ब्लाउज घेऊन तिच्या संगं. हा तमाशा मी चुकवणार व्हते व्हय?

बारा वाजता वनमालानं मासे सोडले. दोन वाजता ते वर येऊन तोंडं उघडायला लागले. काकू म्हणली, "बघा, कसे खेळत्यात!" दीपमाला स्वैपाकघराच्या दारात उभी, दाराची चौकट धरून.

चारला पाव्हणे आले. मुलगा, बाप, अन् मुलाची आत्या सुभद्राबाई, अंगावर किलोभर सोनं अन् नजर अशी, की भिंतीतली भेग मोजंल. सुनिता चहाचा ट्रे घेऊन आली. पोरगी देखणी. आत्याच्या हातात कप देऊन ती टाकीपाशी आली, अन् त्याच वक्ताला पहिला सोनेरी उलटा झाला. पांढरं पोट वर. मंग दुसरा. मंग तीन एकदम.

आत्यानं कप खाली ठिवला. "अगंबाई! पोरगी आली अन् जीव गेले? पांढऱ्या पायाची न्हाई ना ही?"

सुनितानं ट्रे तसाच खाली ठिवला. सतरा-अठरा माणसं बसलेली, भावकी, शेजारी. माझ्या मनात काय आलं सांगू? बरं झालं, असंच आलं. तुझाच शब्द, तुझ्याच घरात, तुझ्याच नातीला. गीळ आता.

काकू चवताळून उठली. "ही न्हाई, ती! ती दारातली! तिचे मासे हायेत!"

"मी हात लावला न्हाई," दीपमाला म्हणली. आवाज चढलेला न्हाई, काय न्हाई. "काकूनंच बजावलं व्हतं."

"मंग पाण्यात हात कुणाचा?" आत्यानं इचारलं, अन् नजर परत पोरीकडं. पोरगी आता रडत व्हती.

मी दीपमालाचा पदर ओढला. गप ऱ्हा ग, गप ऱ्हा, आता गप ऱ्हायलीस तर समदंच फिटलं. तिनं पदर सोडवून घेतला अन् दिवाणखान्याच्या मधोमध गेली.

"काकू, टाकी कुणी भरली ते सांगा. न्हाईतर ह्या पोरीला चिकटंल. कसं चिकटतं ते मला इचारा."

काकूनं अमरसिंहाकडं बघितलं. तो सतरंजीकडं बघत व्हता. सुनिता म्हणली, "आजी." एवढंच.

"म्या भरली," काकू म्हणली.

"कशानं?"

"नळाच्या ताज्या पाण्यानं. त्यात पावडर असती. त्यानं मरत्यात म्हणं." 'म्हणं' म्हणली! म्हंजे फाटकातनं सांगितलेलं तिच्या कानात गेलतं. सव्वा वर्स कानात व्हतं!

"अन् निकालाच्या आदल्या दिशी?"

"तवाबी म्याच."

"मंग पाय कुणाचे पांढरे?"

म्हातारीनं पदर सावरला. म्हणली, "कुणाचेच न्हाईत. दीपमालाचे न्हाईत. माझ्या हातानं मेले ते." अन् मटकन सोफ्यावर बसली.

आत्या म्हणली, "पाण्यानं व्हय! आमच्याकडंबी बोअरच्या पाण्यानं दोन म्हशी आजारी पडल्या," अन् कप उचलला. पोरीला जवळ बसवून घेतलं. झालं, जमलं. पुढच्या महिन्यात साखरपुडा, अन् पुरणाला कोण, तर दीपमाला. काकूनं चार माणसांत सांगितलं.

दीपमाला त्यातलं काय ऐकत नव्हती. तिनं कोपरापर्यंत हात टाकीत घातलेले, अन् धुगधुगी व्हती ते मासे बादलीतल्या जुन्या पाण्यात घेत व्हती. तीन सापडले. वाटंत दोन गेले. घरी पोचला तो काळा एकटा.

मी मागनं हसत आले. पायाखाली जमीन नव्हती माझ्या. "जिंकलीस की ग! नाक घासलं म्हातारीनं. आता तरी दोन घास नीट खा."

ती टाकीपुढं उकिडवी बसली व्हती. काळा मासा तळाला जाऊन दगडाशी थांबलेला. "तिला ते पटलंच नव्हतं, तिनं नकळता मारले, अक्का," ती म्हणली. "मी कळून मारले. सकाळी तांब्या घेऊन गेले तर हातावर येत व्हते माझ्या."

"अगं, मासेच ते," मी म्हणले. "अन् इतकं व्हतं, तर आधी बोलायचंस."

तिनं मान वळवली. "बोलणारच व्हते. तुमी मान हलवली." मंग म्हणली, "अन् त्या निकालाच्या आदल्या दिशी तुमी परकराचं माप घ्यायला बंगल्यावर आलता ना अक्का? नळी कुणाच्या हातात हाय, दिसलं असंल की तुमाला."

मी उंबऱ्याबाहेर सरकले. ती उठली, बादलीतलं उरलेलं पाणी तांब्यानं टाकीत सोडलं, अन् माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.